ग्रॅम आणि डाल्टन: गुणायचं कधी, भागायचं कधी, आणि अ‍ॅव्होगॅड्रो अंक मध्येच कुठून येतो?

प्रश्न असा आहे: ‘१ ग्रॅम म्हणजे किती एएमयू, याचं उत्तर पुस्तकात ६.०२२ × १०^२३ दिलं आहे. पण हा तर अ‍ॅव्होगॅड्रो अंक, एका मोलमधल्या कणांची संख्या. कणांची संख्या वजनाच्या रूपांतरात कशी काय आली? आणि उदाहरण सोडवताना या आकड्याने गुणायचं की भागायचं, हे ओळखायचं कसं?’

(१०^२३ म्हणजे दहाचा तेविसावा घात. पुढे सगळीकडे असंच लिहितो. एएमयू म्हणजे अ‍ॅटॉमिक मास युनिट, अणू-रेणूंचं वस्तुमान मोजायचं एकक. एएमयू, यू आणि डाल्टन या नावांनी आज एकच एकक सांगितलं जातं. मी डाल्टन वापरतो.)

आधी सरळ उत्तर. १ डाल्टन = १.६६०५४ × १०^−२४ ग्रॅम. उलट बाजूने १ ग्रॅम = ६.०२२१४ × १०^२३ डाल्टन. हे दोन आकडे एकमेकांचे व्यस्त आहेत, म्हणजे एकाने १ ला भागलं की दुसरा मिळतो. पाठ करायचा असेल तर एकच करा.

पण तुमचा खरा प्रश्न ‘का’ असा आहे, आणि तो अगदी योग्य ठिकाणी अडलेला आहे. मोलच्या गणितात गोंधळणाऱ्या बहुतेकांचं मूळ इथेच सापडतं.

डाल्टनची व्याख्या ग्रॅमवरून केलेली नाही. कार्बन-१२ या समस्थानिकाचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंना समस्थानिकं म्हणतात) एक मोकळा, उदासीन अणू घ्यायचा आणि त्याच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे १ डाल्टन. म्हणजे कार्बन-१२ चा अणू बरोबर १२ डाल्टनचा. ही मोजणी नाही, हा ठराव आहे. आता मोलकडे या. २०१९ पर्यंत मोलची व्याख्या अशी होती: १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू असतात तितके कण म्हणजे १ मोल. दोन्ही ठिकाणी तोच कार्बन आणि तोच १२ चा आकडा. त्या संख्येला ‘न’ म्हणू. ‘न’ अणू, प्रत्येकी १२ डाल्टनचे, आणि सगळे मिळून १२ ग्रॅम:

न × १२ डाल्टन = १२ ग्रॅम

दोन्हीकडचे १२ गेले. उरलं न डाल्टन = १ ग्रॅम. १ ग्रॅममध्ये मावणाऱ्या डाल्टनची संख्या आणि १ मोलमधल्या कणांची संख्या एकच असणार, कारण मोल तशाच बेताने आखला गेला. अणूचं वस्तुमान डाल्टनमध्ये जो आकडा सांगतं, तोच आकडा ग्रॅममध्ये तोलला की हातात एक मोल यावा, हा मोलचा हेतू होता. तेव्हा अ‍ॅव्होगॅड्रो अंक हा मुळात ग्रॅम आणि डाल्टन यांचं गुणोत्तर आहे. ‘मोलमधले कण’ ही त्याची दुसरी ओळख त्यातूनच निघते. शिकवताना आपण नेमका उलटा क्रम घेतो: आधी मोल, मग ती प्रचंड संख्या, आणि रूपांतर शेवटी कुठेतरी. त्यामुळे ती संख्या आकाशातून पडल्यासारखी वाटते.

या सगळ्यातून एक गोष्ट निघते आणि ती फार कमी विद्यार्थ्यांच्या लक्षात येते. ग्रॅमचे डाल्टन करताना पदार्थ कोणता आहे याचा काही संबंध नसतो. मीटरचे सेंटिमीटर करताना काठी लाकडाची की लोखंडाची हे आपण विचारत नाही, तसंच. ‘५ ग्रॅम सोडिअम म्हणजे किती डाल्टन?’ असं विचारलं की अर्धा वर्ग सोडिअमचं अणुवस्तुमान शोधायला तक्ता उघडतो. त्याची गरज नाही. ५ × ६.०२२ × १०^२३ = ३.०११ × १०^२४ डाल्टन, संपलं. ५ ग्रॅम सोनं असतं तरी उत्तर हेच आलं असतं.

अणुवस्तुमान लागतं ते अणू मोजताना. त्या ५ ग्रॅम सोडिअममध्ये अणू किती? एकूण ३.०११ × १०^२४ डाल्टन, एक अणू २२.९९० डाल्टनचा, म्हणून भागाकार करून १.३१० × १०^२३ अणू. आता हेच मोलच्या वाटेने करून बघा: ५ ÷ २२.९९० = ०.२१७५ मोल, त्याला ६.०२२ × १०^२३ ने गुणलं की तेच १.३१० × १०^२३. दोन्ही वाटांमध्ये केलेली कामं तीच आहेत, एक गुणाकार आणि एक भागाकार, फक्त क्रम वेगळा. मला स्वतःला पहिली वाट जास्त आवडते. तिच्यात प्रत्येक पायरीला डोळ्यांसमोर एक ठोस वस्तू असते: एकूण वस्तुमान, एका अणूचं वस्तुमान, आणि त्यांचा भागाकार. मोलची वाट प्रयोगशाळेत सोयीची आहे आणि परीक्षेत तीच अपेक्षित असते, पण तिचा अर्थ पहिल्या वाटेने लवकर कळतो.

आता गुणायचं की भागायचं. यासाठी दोन गोष्टी करा. पहिली म्हणजे एककं शेवटपर्यंत सोबत लिहा. पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान ग्रॅममध्ये हवं आहे असं समजा. रेणुवस्तुमान १८.०१५ डाल्टन. तुमच्याकडे डाल्टन आहे आणि ते घालवायचं आहे, म्हणून असा गुणक हवा ज्याच्या छेदात डाल्टन आणि अंशात ग्रॅम आहे:

१८.०१५ डाल्टन × (१.६६०५४ × १०^−२४ ग्रॅम ÷ १ डाल्टन) = २.९९१५ × १०^−२३ ग्रॅम

डाल्टन डाल्टनला छेदून गेलं, ग्रॅम उरलं. गुणक उलटा लावला असता तर उत्तराला ‘डाल्टन वर्ग भागिले ग्रॅम’ असं विचित्र एकक आलं असतं आणि चूक तिथल्या तिथे दिसली असती. एककं न लिहिता नुसते आकडे फिरवणाऱ्याला ही सूचना मिळतच नाही.

दुसरी गोष्ट, उत्तराकडे एकदा बघा. एका रेणूचं वस्तुमान ग्रॅममध्ये काढताय, तर घातांक ऋण आणि विशीच्या घरातला आलाच पाहिजे. आवर्तसारणीतला सगळ्यात हलका अणू हायड्रोजन, सुमारे १.६७ × १०^−२४ ग्रॅमचा. युरेनिअमचा अणू सुमारे ३.९५ × १०^−२२ ग्रॅमचा. म्हणजे कुठल्याही नैसर्गिक मूलद्रव्याचा एक अणू १०^−२४ आणि १०^−२१ यांच्या मध्येच कुठेतरी बसणार. तुमचं उत्तर या पट्ट्याच्या बाहेर गेलं तर पुन्हा मांडा. आणि ते १०^+२३ आलं असेल, तर तुमच्या एका रेणूचं वजन पर्वताहून जास्त झालं आहे.

असं भलतंच उत्तर येण्यामागे पुष्कळदा रसायनशास्त्र नसतंच, कॅल्क्युलेटर असतो. १८.०१५ भागिले ६.०२२ × १०^२३ हे कंस न घालता दाबलं, तर यंत्र आधी १८.०१५ ला ६.०२२ ने भागतं आणि मग १०^२३ ने गुणतं. पडद्यावर २.९९ × १०^२३ येतं. अंक बरोबर, घातांक उफराटा. छेदातल्या अख्ख्या संख्येला कंस घाला, किंवा घातांकासाठी असलेलं ‘ईएक्सपी’ बटण वापरा, म्हणजे यंत्र ती एकच संख्या धरतं. पण ते बटण वापरताना आधी ‘गुणिले १०’ दाबायचं नाही, कारण त्या बटणातच दहाचा घात असतो. तसं दाबलं की उत्तर दहा पटीने चुकतं, आणि ही चूक पकडायला जास्त अवघड, कारण उत्तर बघायला बरोबरच वाटतं.

पुढचा घोटाळा ‘१८’ या आकड्याचा. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा आणि पाण्याचं मोलर वस्तुमान १८ ग्रॅम प्रति मोल. आकडा तोच, म्हणून मनात नकळत ‘१८ डाल्टन = १८ ग्रॅम’ असं समीकरण तयार होतं. पहिलं वाक्य एका रेणूबद्दल आहे, दुसरं ६.०२२ × १०^२३ रेणूंच्या ढिगाबद्दल. उदाहरण वाचताना स्वतःला एकच विचारा: बोलणं एका कणाचं चाललंय की मोलभर कणांचं? ‘एका अणूचं’, ‘प्रत्येक रेणूचं’ असे शब्द दिसले की डाल्टनची बाजू. ‘मोल’, ‘नमुना’, ‘इतके ग्रॅम घेतले’ असं आलं की ग्रॅमची बाजू.

हा रूपांतराचा आकडा मुळात सापडला कसा, यावर थोडा थांबणार आहे, कारण तो तुम्ही स्वतः कागदावर काढू शकता आणि एकदा काढला की त्याबद्दल शंका राहत नाही. सिलिकॉनचा स्फटिक घ्या. त्यातले अणू एका घनाकृती साच्यात रचलेले असतात आणि तो साचा चहूकडे तसाच पुन्हा पुन्हा येतो. क्ष-किरणांच्या विवर्तनावरून त्या घनाची बाजू कळते: ५.४३१ × १०^−८ सेंटिमीटर. अशा एका घनाच्या वाट्याला ८ अणू येतात. सिलिकॉनची घनता २.३२९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. ती तोलून आणि आकारमान मोजून मिळते. आता बाजूचा घन करा: १.६०२ × १०^−२२ घन सेंटिमीटर. त्याला घनतेने गुणा: ३.७३१ × १०^−२२ ग्रॅम. हे ८ अणूंचं वस्तुमान, म्हणून एक अणू ४.६६४ × १०^−२३ ग्रॅमचा. सिलिकॉनचं अणुवस्तुमान २८.०८५ डाल्टन. तेव्हा १ डाल्टन = ४.६६४ × १०^−२३ ÷ २८.०८५, म्हणजे १.६६१ × १०^−२४ ग्रॅम.

एक मोजपट्टी क्ष-किरणांची, एक तराजू, आणि डाल्टन ग्रॅममध्ये उतरला! शास्त्रज्ञांनी हेच काम पराकोटीच्या काळजीने केलं. जवळजवळ निव्वळ सिलिकॉन-२८ चे, साधारण एक किलोचे गोळे घडवले, कारण समस्थानिकांचं मिश्रण असलं की सरासरी अणुवस्तुमानाची अनिश्चितता आड येते. गोळ्याचा आकार निवडला तो व्यास मोजून आकारमान अचूक काढता यावं म्हणून. या मोजमापांच्या आधारावर अ‍ॅव्होगॅड्रो स्थिरांकाची किंमत ठरवून टाकण्याइतकी खात्री आली.

याला दुसऱ्या दिशेनेही दुजोरा मिळतो. विद्युत अपघटनात चांदीचा एक मोल, म्हणजे १०७.८७ ग्रॅम चांदी, निक्षेपित करायला ९६,४८५ कूलोम प्रभार लागतो. प्रत्येक चांदीच्या आयनाला एक इलेक्ट्रॉन लागतो आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२१८ × १०^−१९ कूलोम. भागाकार करा: ६.०२२ × १०^२३. स्फटिक आणि वीज यांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी दोघे एकाच संख्येवर येऊन मिळतात. मला हा रसायनशास्त्रातला सगळ्यात सुंदर पडताळा वाटतो. अशाच वेगवेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळतात हे फ्रेंच शास्त्रज्ञ झां पेरँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं आणि अणू खरोखर असतात का हा वाद मिटायला त्याची मोठी मदत झाली. त्यांना १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. खुद्द अ‍ॅव्होगॅड्रो यांना (त्यांचं गृहीतक १८११ चं) ही संख्या माहीत नव्हती.

आता अणुवस्तुमान नेमकं कोणतं घ्यायचं याबद्दल. आवर्तसारणीत क्लोरीनपुढे ३५.४५ लिहिलेलं असतं. ३५.४५ डाल्टनचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही. काही अणू ३४.९६९ डाल्टनचे, काही ३६.९६६ डाल्टनचे, पहिले शेकडा सुमारे ७५.८, दुसरे सुमारे २४.२. ३५.४५ ही त्यांची भारित सरासरी. तराजूवर तोलता येईल एवढा नमुना असेल तर ही सरासरीच बरोबर, कारण त्यात दोन्ही जातींचे अगणित अणू असतात. पण प्रश्न ‘क्लोरीन-३५ च्या एका अणूचं वस्तुमान ग्रॅममध्ये काढा’ असा असेल, तर ३४.९६९ घ्यायचं: ५.८०६७ × १०^−२३ ग्रॅम. माझं रोजचं काम मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू-रेणूंची वस्तुमानं मोजणाऱ्या यंत्रावर चालतं. ते यंत्र सरासरी बघत नाही, एकेका समस्थानिकाची रेघ वेगळी दाखवतं. तिथे सरासरी अणुवस्तुमान घेऊन बसलात तर ज्या जागी रेघ शोधाल तिथे काहीच नसेल. इतकंच काय, अचूक यंत्रावर धनायनाच्या वस्तुमानातून गेलेल्या इलेक्ट्रॉनचे ०.०००५५ डाल्टनही वजा करावे लागतात. शाळा-कॉलेजच्या उदाहरणात ते सोडून द्या.

काही जण फार हुशारीने प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांची वस्तुमानं बेरीज करून अणूचं वस्तुमान काढतात आणि मग ग्रॅममध्ये नेतात. कार्बन-१२ साठी करून बघा. ६ हायड्रोजन अणू (म्हणजे ६ प्रोटॉन आणि ६ इलेक्ट्रॉन) प्रत्येकी १.००७८२५ डाल्टन, ६ न्यूट्रॉन प्रत्येकी १.००८६६५ डाल्टन. बेरीज १२.०९८९. पण अणू तर व्याख्येनेच १२ चा! ०.०९८९ डाल्टन गेले कुठे? अणुकेंद्रक बांधलं जाताना तेवढं वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडलं, सुमारे ९२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणून सुट्या कणांची बेरीज करून मिळालेलं उत्तर इथे सुमारे ०.८ टक्के जास्त येतं. अंदाजासाठी चालेल, अचूक उत्तरासाठी कोष्टकातलं मोजलेलं अणुवस्तुमानच घ्या.

जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांना अणुवस्तुमानाचे किंचित वेगळे आकडे दिसतात, तेव्हा त्याबद्दल थोडक्यात. कार्बनच्या आधी मापदंड ऑक्सिजन होता, १६ धरलेला. १९२९ मध्ये ऑक्सिजनची जड समस्थानिकं सापडली आणि दोन मापं पडली: रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक ऑक्सिजनच्या मिश्रणाला १६ म्हणत, भौतिकशास्त्रज्ञ फक्त ऑक्सिजन-१६ ला. फरक दहा हजारात तीनच्याही आतला, पण अचूक कामात त्रासदायक. १९६०-६१ मध्ये दोघांनी कार्बन-१२ मान्य केला. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञांची कोष्टकं लाखात चार भागांच्या आसपासच हलली, म्हणून ते तयार झाले.

आणि २० मे २०१९ पासून एक बारीक बदल आहे. आता अ‍ॅव्होगॅड्रो स्थिरांक ६.०२२१४०७६ × १०^२३ प्रति मोल असा कायमचा ठरवलेला आहे. तो मोजायचा नाही. डाल्टन मात्र अजून कार्बनच्या अणूलाच बांधलेला. त्यामुळे मी वर मांडलेलं ‘न डाल्टन = १ ग्रॅम’ हे समीकरण आता व्याख्येने तंतोतंत खरं राहिलेलं नाही, मोजमापाने खरं आहे. फरक अब्जात एखाद्या भागाच्या आसपास. तुमच्या कुठल्याही उदाहरणात तो दिसणार नाही, पण चर्चेत कुणी ‘हे तर अचूक नाही’ म्हणालं तर ते कशाबद्दल बोलतायत हे ठाऊक असावं.

सार्थ अंकांबद्दल, म्हणजे उत्तरातले किती अंक भरवशाचे धरायचे याबद्दल, माझं मत: चार पुरेत. अणुवस्तुमान २२.९९ घेतलं असेल आणि उत्तर नऊ अंकी लिहिलं, तर शेवटचे पाच अंक निरर्थक आहेत.

हे रूपांतर परीक्षेपुरतं आहे असं समजू नका. जीवरसायनशास्त्रात प्रथिनांचं माप किलोडाल्टनमध्येच बोललं जातं. मानवी इन्सुलिनचा रेणू ५,८०८ डाल्टनचा, म्हणजे ९.६४४ × १०^−२१ ग्रॅम. डीएनएच्या बाबतीत तर ग्रॅमकडून डाल्टनकडे रोज जावं लागतं. पेशीतलं डीएनए पिकोग्रॅममध्ये मोजलं जातं. १ पिकोग्रॅम म्हणजे १०^−१२ ग्रॅम, म्हणजे ६.०२२ × १०^११ डाल्टन. डीएनएची एक आधारजोडी (डीएनएच्या शिडीची एक पायरी) सरासरी ६१६ डाल्टनची. भागाकार करा: एका पिकोग्रॅममध्ये जवळजवळ ९८ कोटी जोड्या. माणसाच्या एका साध्या पेशीत साधारण साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतं, त्यावरून सहा अब्जांहून अधिक जोड्यांचा हिशेब लागतो. वजनावरून अक्षरं मोजली गेली, आणि त्यासाठी लागलं ते फक्त हेच एक गुणोत्तर.

शेवटी एका सापळ्याकडे लक्ष द्या, कारण परीक्षेत तोच जास्त मुलांना अडवतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात १ डाल्टन = १.६६०५४ × १०^−२७ असं लिहिलेलं असतं आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात १०^−२४. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं किलोग्रॅममध्ये, दुसरं ग्रॅममध्ये. तसंच १ किलोग्रॅम म्हणजे ६.०२२ × १०^२६ डाल्टन आणि १ मिलिग्रॅम म्हणजे ६.०२२ × १०^२०. गणितात वजन मिलिग्रॅममध्ये दिलं असेल तर सगळ्यात आधी त्याचे ग्रॅम करा, मगच ६.०२२ × १०^२३ ला हात लावा. सरावासाठी हे घ्या: ९.० मिलिग्रॅम पाण्यात रेणू किती? ०.००९० ग्रॅम × ६.०२२ × १०^२३ = ५.४२ × १०^२१ डाल्टन, भागिले १८.०१५, उत्तर ३.०१ × १०^२०. दिलेल्या आकड्यात दोनच सार्थ अंक आहेत, म्हणून ३.० × १०^२० लिहा. तुमचं उत्तर ३.० × १०^२३ आलं असेल, तर मिलिग्रॅमचे ग्रॅम करायचे राहून गेले आहेत.